इमारतीचा सातबारा

शिरूर तालुक्यातलं निमोणे हे माझं गाव. नोकरीची सगळी वर्षं पुण्यात गेली, तरी घर, शेत आणि भावकी गावालाच. दोन वर्षांपूर्वी गावच्या घरावर एक मजला चढवायचं ठरलं. पुतण्याचं लग्न झालं होतं, माणसं वाढली होती, खालच्या चार खोल्या पुरेनाशा झाल्या होत्या. घर तसं फार जुनं नाही. थोरल्या भावानं धाब्याचं जुनं घर उतरवून १९९१ साली ते आरसीसीमध्ये बांधलं आणि त्याच वेळी मिस्त्रींना बजावलं होतं, की पुढं वर मजला येईल असा पाया घ्या. मिस्त्रींनी तो तसाच घेतला, असं घरातला प्रत्येक जण सांगतो.

पुण्याहून एका स्ट्रक्चरल इंजिनिअरांना बोलावलं. त्यांनी घराभोवती फेरी मारली, चहा घेतला आणि तीनच प्रश्न विचारले. पाया किती खोल आणि किती रुंद? कॉलममध्ये किती मिलिमीटरच्या किती सळया? काँक्रीट कोणत्या प्रमाणाचं? आम्ही एकमेकांकडं पाहत राहिलो. भाऊ आता नाही. मिस्त्रीही गेले. ग्रामपंचायतीला दिलेल्या नकाशाची प्रत ट्रंकेत सापडली. तिच्यावर खोल्या होत्या, दारं-खिडक्या होत्या. सळईचं नावही नव्हतं. घर बांधलं तेव्हा ही सगळी माहिती होती. मिस्त्रींच्या डोक्यात होती, कदाचित सिमेंटच्या गोणीच्या कागदावर मांडलेल्या हिशेबातही होती. घर राहिलं, माहिती गेली.

तेव्हा पुतण्यानं मोबाइल काढला. ‘‘काका, आता बीआयएम करून घेऊ. सगळं कळतं त्यात.’’ त्यानं कुणाकडून तरी घराचं एक चित्र करवून आणलं होतं. बोट फिरवलं की घर फिरायचं, दारातून आत जाता यायचं, खिडकीतून बाहेरचा कडुनिंबही दिसायचा. मी एका कॉलमवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘अरे, यात सळई किती?’’ पोरगं गप्प, मोबाइलही गप्प.

मी आयुष्यभर ड्राफ्ट्समनचं काम केलं. तेव्हा बीआयएम म्हणजे काय आणि काय नव्हे, हे सांगायचा थोडा अधिकार मला आहे असं समजतो. ‘बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग’ या तीन शब्दांचं ते लघुरूप. लोकांचं लक्ष जातं ते ‘मॉडेल’ या शब्दाकडं. खरं वजन आहे ते मधल्या शब्दात, ‘माहिती’त.

एक खिडकी, तीन कागद

आमच्या वेळी ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर ही आयुधं. शाईच्या पेननं रेघ ओढायची आणि चुकली तर अर्ध्या ब्लेडनं हलकेच खरवडायची. मग अमोनियाच्या प्रिंट निघत. तो नाकात झोंबणारा वास अजूनही आठवतो. एका इमारतीचे वीस-पंचवीस कागद होत. त्यात एकच खिडकी निदान तीनदा काढावी लागे. वरून पाहिलेल्या प्लॅनमध्ये एकदा, समोरून दिसणाऱ्या एलेव्हेशनमध्ये एकदा आणि उभ्या छेदात एकदा. दारं-खिडक्यांच्या तक्त्यात तिची नोंद ती वेगळीच.

खिडकी दीड फूट सरकवायची ठरली, की या सगळ्या ठिकाणी ती सरकली पाहिजे. एका तालुक्याच्या गावच्या दुमजली इमारतीत असंच झालं. प्लॅनमध्ये आम्ही खिडकी सरकवली, बीमच्या कागदावर ती जुन्याच जागी राहिली. सुधारलेली प्रिंट साइटवर पोचली ती उशिरा, आणि पोचल्यावरही जुनी प्रिंट कुणी फाडून टाकली नाही. गवंड्याच्या हातात एक कागद, सेंटरिंगवाल्याच्या हातात दुसरा. स्लॅब ओतल्यावर कळलं, की जिन्याच्या वळणावर बीम बरोबर माणसाच्या कपाळाच्या उंचीवर आलाय. चूक एका माणसाची नव्हती. एकच गोष्ट चार ठिकाणी लिहिली, की आज ना उद्या ती चार ठिकाणी चार प्रकारची होणारच.

हे दुखणं जगभरचं होतं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ साली त्यावर नेमकं बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. संगणकाला रेघा काढायला शिकवू नका, इमारत सांगा. भिंत कुठं आहे, किती जाड आहे, कशाची आहे, तिच्यात खिडकी कोणती, हे एकदाच आणि एकाच जागी नोंदवा. प्लॅन, छेद, दर्शनी बाजू, मालाची यादी हे सगळं त्या एका नोंदीतून काढून घ्या. खिडकी सरकवायची तर मूळ नोंदीत सरकवा, सगळ्या कागदांवर ती आपोआप सरकेल. त्यांनी या पद्धतीला इमारतीच्या वर्णनाची पद्धत असं नाव दिलं होतं. बीआयएम हा शब्द पुढं रुळला, पण बी पेरलं गेलं ते तेव्हा.

संगणक मात्र आधी आला तो रेघा काढायलाच. १९८२ साली ऑटोकॅड बाजारात आलं आणि पुढच्या दशकात आपल्याकडच्या कचेऱ्यांतले ड्रॉइंग बोर्ड हळूहळू अडगळीत गेले. काम झपाट्यानं होऊ लागलं. पण संगणकाच्या लेखी भिंत म्हणजे दोन समांतर रेघाच. ती भिंत आहे हे फक्त पाहणाऱ्याला कळायचं. ट्रेसिंग पेपर गेला आणि पडदा आला, एवढाच काय तो फरक. खिडकी तीनदाच काढावी लागत होती.

दुसऱ्या वाटेनं जाणारेही होते. हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये १९८२ साली ग्राफिसॉफ्ट नावाची कंपनी निघाली आणि तिनं आर्किकॅड बनवलं. त्यात भिंत ही भिंतच होती, दार हे दारच होतं. २००० साली अमेरिकेत रेव्हिट आलं. दोन वर्षांनी ते ऑटोकॅडच्या मालकांनी, म्हणजे ऑटोडेस्कनं, विकत घेतलं आणि त्याच सुमाराला बीआयएम हा शब्द सर्वतोमुखी झाला. प्रत्येक कंपनीची लिपी वेगळी, एकीचं लिहिलेलं दुसरीला वाचता येईना, म्हणून सगळ्यांनी वाचावी अशी एक सामायिक लिपी तयार करायचं काम १९९० च्या दशकातच सुरू झालं होतं. ती २०१३ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली.

इंदापूरची साखळी

हे ऐकून शेतकरी माणसाला नवल वाटायचं कारण नाही. आपल्या गावात ही व्यवस्था कित्येक पिढ्यांपासून आहे, फक्त ती जमिनीची आहे.

गावाचा नकाशा असतो. त्यात गटाचा आकार दिसतो, शीव दिसते, ओढा दिसतो. पण मालक कोण, क्षेत्र किती, बोजा कुणाचा, पीक कोणतं, हे नकाशात नसतं. ते सातबाऱ्यावर असतं. गाव नमुना ७ मध्ये हक्क आणि १२ मध्ये पीकपाहणी. आणि बदल झाला, खरेदी झाली, वारस लागले, की त्याची नोंद नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफारात. गट नंबर हा या साऱ्यांना बांधणारा धागा. नुसता नकाशा घेऊन बँकेत गेलात तर कर्ज मिळत नाही, आणि नुसत्या सातबाऱ्यावरून बांध कुठं आहे ते कळत नाही. आकार, माहिती आणि बदलाची नोंद ही तिन्ही एका नंबराखाली जुळलेली असतात. बीआयएम म्हणजे इमारतीच्या प्रत्येक खांबाला, दाराला, नळाला असा गट नंबर देणं. बोट ठेवलं की आकारही कळावा, माहितीही कळावी आणि शेवटचा फेरफार कोणता तेही कळावं.

या व्यवस्थेचा इतिहास आपल्या पुणे जिल्ह्यातलाच आहे, आणि तो बीआयएम करणाऱ्यांनी आवर्जून वाचावा असा आहे. पेशवाई गेल्यावर १८२० च्या दशकाच्या अखेरीला प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुणे भागात जमिनीची मोजणी आणि सारा ठरवायचं काम केलं. माणूस विद्वान होता. जमिनीचं उत्पन्न किती, त्यातून खर्च वजा जाता उरतं किती, आणि त्यातला सरकारचा वाटा किती, याचं त्यानं मोठं सूक्ष्म गणित मांडलं. गणितात खोट नव्हती. खोट होती ती खालून आलेल्या आकड्यांत. मोजणी सदोष, कारकुनांनी भरलेले उत्पन्नाचे अंदाज खोटे. त्यावरून बसवलेला सारा रयतेला झेपला नाही. जमिनी पडीक पडल्या, माणसं गाव सोडून गेली.

मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघं इंदापूर तालुक्यात नव्यानं कामाला लागले. त्यांची पद्धत कमी विद्वत्तेची होती आणि जास्त कामाची. प्रत्येक शेत प्रत्यक्ष मोजायचं, त्याला नंबर द्यायचा, हद्दीच्या खुणा रोवायच्या, जमिनीचा मगदूर पाहून प्रत ठरवायची आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून द्यायचा. तेहतीस फुटांची साखळी; तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. ही पद्धत पुढं मुंबई इलाख्यात सगळीकडं गेली. आपण अजूनही गुंठ्यातच बोलतो.

प्रिंगलचं अपयश दोनशे वर्षांनीही शिळं झालेलं नाही. गणित कितीही सुरेख असो, शेतात साखळी सरळ पडली नसेल तर ते रयतेला बुडवतं. बीआयएमचंही तेच. माहिती भरणाऱ्यानं कॉलममध्ये आठ सळया लिहिल्या आणि साइटवर सहाच बांधल्या, तर मॉडेल आत्मविश्वासानं आठच दाखवणार.

काय नव्हे

तेव्हा पहिली गोष्ट, फिरतं चित्र म्हणजे बीआयएम नव्हे. बिल्डरच्या कचेरीत फ्लॅट विकताना दाखवतात ती फिल्म म्हणजे बीआयएम नव्हे. त्या चित्रातल्या भिंतीला विचारा, ‘बाई, तू विटेची की ब्लॉकची?’ ती सांगू शकणार नाही. पुतण्याच्या मोबाइलमध्ये होतं ते हेच. चित्र वाईट नव्हतं, पण त्याला माहिती विचारायची सोय नव्हती.

दुसरी गोष्ट, एखादं सॉफ्टवेअर विकत घेणं म्हणजेही बीआयएम नव्हे. हार्मोनियम घेतल्यानं गाणं येत नाही. आर्किटेक्टनं त्यात आपली इमारत मांडली, इंजिनिअरनं आपला सांगाडा वेगळाच ठेवला, प्लंबिंगवाल्यानं आपलं ड्रॉइंग कागदावरच दिलं, तर महागड्या संगणकावर पुन्हा तीन कागदच झाले. कोणी, कोणती माहिती, कुणाला, केव्हा द्यायची आणि तपासली कोणी, याचे नियम हा बीआयएमचा कणा आहे. २०१८ साली आयएसओ १९६५० या मानकाचे पहिले भाग आले, ते प्रामुख्यानं याच शिस्तीविषयी आहेत. ब्रिटननं २०१६ पासून केंद्र सरकारच्या बांधकामांना बीआयएम सक्तीचं केलं, तेही चित्रांच्या हौसेपोटी नव्हे. माहिती पुन्हा पुन्हा शोधण्यात आणि झालेलं काम पुन्हा करण्यात पैसा जातो, तो वाचावा म्हणून.

तिसरी गोष्ट, बीआयएम माणसाच्या बदली निर्णय घेत नाही. पाइप बीमला भिडतोय, एवढं ते दाखवील. पाइपनं वाट सोडायची की बीमनं, हे माणसांनीच एकत्र बसून ठरवायचं असतं.

नागपूर आणि अंधेरी

महाराष्ट्रात हे मोठ्या प्रमाणावर केलेलं पाहायचं तर नागपूरला जावं. तिथल्या मेट्रोसाठी २०१५ साली स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं आणि सुरुवातीपासूनच ‘फाइव्ह-डी बीआयएम’चा अवलंब केला गेला. पाच मिती हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. लांबी, रुंदी, उंची या तीन. चौथी काळ, म्हणजे कोणता खांब कोणत्या महिन्यात. पाचवी पैसा, म्हणजे त्या खांबाला किती खर्च. घर बांधणारा कुठलाही शेतकरी या पाचही मिती डोक्यात घेऊनच झोपतो. फरक एवढाच, की इथं त्या हजारो माणसांना एकाच ठिकाणी दिसाव्या लागतात. मार्च २०१९ मध्ये नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा प्रवाशांसाठी सुरू झाला. त्याच शहरात गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो असे चार थर एकावर एक आहेत. अशा ठिकाणी चौघांनी चार वेगळ्या वह्या ठेवून भागत नाही.

आणि वह्या वेगळ्या राहिल्या तर काय होतं, ते मुंबईत दिसलं. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग जुलै २०१८ मध्ये कोसळला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल बंद झाला आणि नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तेव्हा लोकांनी पाहिलं, की नवा पूल आणि त्याला मिळणारा बर्फीवाला उड्डाणपूल यांच्या उंचीत सुमारे दीड मीटरचा फरक आहे. दोन पूल समोरासमोर, आणि मध्ये पायरी. रेल्वेमार्गावरच्या पुलाची उंची नव्या नियमांप्रमाणं वाढवावी लागली, असं त्याचं कारण सांगितलं गेलं. पुढं बर्फीवाला पूल जॅक लावून उचलला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये दोन्ही जोडले गेले.

बीआयएम असतं तर हे टळलं असतं का? नुसत्या नव्या पुलाचं मॉडेल कितीही देखणं केलं असतं तरी नाही. जुना पूलही त्याच मॉडेलमध्ये असता, उंची बदलली त्या दिवशी तो फेरफार सर्वांपुढं आला असता आणि ‘आता काय करायचं’ हे ठरवायला कोणी बसलं असतं, तर मात्र जॅकची तयारी वेळेत झाली असती. मॉडेल एवढंच करू शकतं. एवढंही थोडं नाही.

जिवंत नोंद

आमच्या सातबाऱ्याचा इतिहास शेवटी आणखी एक गोष्ट सांगतो. मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा संगणकावर मिळू लागला. तलाठ्याकडचे हेलपाटे कमी झाले. पण कागद संगणकावर गेला म्हणून तो खरा झाला, असं नाही. वारलेल्या माणसांची नावं तशीच राहिली होती. ती काढून वारसांची नावं लावण्यासाठी २०२५ मध्ये सरकारला मोहीमच घ्यावी लागली, आणि तिचं नाव होतं ‘जिवंत सातबारा’. फार नेमकं नाव आहे ते. नोंद एकदा करून संपत नाही, ती जगवावी लागते. इमारत बांधून होईपर्यंत सगळे मॉडेलपाशी असतात. किल्ल्या दिल्यावर ते कुणाच्या संगणकात राहतं आणि वीस वर्षांनी कुणाला उघडतं, हा खरा प्रश्न आहे. इमारतीचं आयुष्य तर तिथूनच सुरू होतं. मालकानं किल्लीबरोबर माहितीही मागून घेतली पाहिजे.

आमच्या घराचं काय झालं, ते सांगतो. इंजिनिअरांनी एका कोपऱ्यात पाया उकरून पाहिला, कॉलमच्या तपासण्या केल्या. सगळे कॉलम उघडून पाहिल्याशिवाय वर मजला चढवा असं मी म्हणणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांचं बरोबरच होतं. पाया भक्कम असेलही. मिस्त्री खोटं बोलणारे नव्हते. पण ‘असेल’ या शब्दावर पोराबाळांच्या डोक्यावर स्लॅब घालता येत नाही. मजला रद्द केला. कडुनिंब तोडून अंगणात दोन खोल्या काढल्या. खर्च जास्त झाला आणि भावानं लावलेलं झाड गेलं ते गेलंच.

नव्या खोल्यांना बीआयएम केलं नाही. दोन खोल्यांना तेवढा खटाटोप परवडत नाही, आणि तसं सांगणंही प्रामाणिकपणाचं आहे. पण पुतण्यानं एक केलं. काँक्रीट ओतण्याआधी प्रत्येक कॉलमच्या सळयांना टेप लावून फोटो काढले. पाया किती फूट, सळई किती मिलिमीटरची, सिमेंट कोणतं, पाइप कुठून गेला, वायर कुठून नेली, हे एका वहीत लिहिलं आणि प्रत्येक कॉलमला नंबर दिला. फोटोंवर तेच नंबर. वही ट्रंकेत सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ठेवलीय, आणि तिची एक प्रत माझ्याकडं पुण्याला आहे.

मागच्या उन्हाळ्यात मोरीचा पाइप तुंबला म्हणून प्लंबरनं तो दुसऱ्या भिंतीतून फिरवून घेतला. संध्याकाळी पुतण्याचा फोन आला. ‘‘काका, तुमच्याकडच्या वहीत पान नऊ काढा. जुन्या पाइपवर काट मारा आणि आजची तारीख घाला.’’ मी चष्मा शोधला आणि फेरफार धरला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)